भिंतीचं वचन

कासमभाईंनी शिडीवरून ओळंबा सोडला, एक डोळा मिटून दोरीकडे पाहिलं आणि खाली उतरले. खाली देवदानअण्णा उजागरे काठी टेकून उभे होते. चुन्याची घमेली भरून तयार होती. नाताळ आठ दिवसांवर आला होता.

"काय झालं? लावा की हात," अण्णा म्हणाले.

"अण्णा, चुना नका देऊ या भिंतीला. उतरवा ती."

"काय?"

"पोट काढलंय तिनं. चार बोटं बाहेर आली. ही बघा, चीर पार कमानीपासून आली खाली. त्यात वर तुमची घंटा. एक ठोका दिला की हादरा पायापर्यंत येतो. पुढचा पावसाळा न्हाई काढायची ही."

"शंभर वर्षं उभी हाये ती."

"म्हणून तर म्हणतो. शंभर वर्षांचं झालं की माणूस बी वाकतंय."

मी शाळेतल्या चार मुलींना घेऊन तिथंच कागदाच्या चांदण्या चिकटवत बसले होते. आमचं बोरदऱ्याचं चर्च लहानसं, काळ्या दगडाचं. दारावरची भिंत छपराच्याही वर गेलेली, तिच्यात एक कमान आणि कमानीत घंटा. घंटेचा दोर आत, दाराच्या बाजूला लोंबायचा. तो दोर ओढायचं काम माझ्या नवऱ्याकडे होतं. चारचौघांत मी त्यांना 'अहो' म्हणायची. इथे नावानेच लिहिते. नथानेल साळवे. गाव त्यांना नाथा म्हणायचं. पोटापाण्याला सुतारकाम आणि रविवारी घंटा. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत, मी ट्रेनिंग झालेली मास्तरीण. आमचं लग्न कसं जमलं हे गावाला कधी कळलं नाही आणि मीही कधी कोणाला सांगत बसले नाही.

भिंतीचं ऐकून मी हातातली चांदणी खाली ठेवली. मी उठले.

"अण्णा, कासमभाईंचं ऐका. चाळीस वर्षं गवंडीकाम करतायत ते."

"बाई, तुम्ही चांदण्या करा," अण्णा म्हणाले.

कासमभाईंनी ओळंबा गुंडाळून पिशवीत टाकला. "माझ्या हातनं न्हाई व्हायचं," एवढं बोलून ते सायकलवर बसून निघून गेले. दुसऱ्या दिवशी अण्णांनी शेजारच्या गावातून दोन माणसं आणून चुना दिला. चीर चुन्याखाली गेली, भिंत बगळ्यासारखी पांढरी झाली आणि जो तो म्हणू लागला, वा, चर्च कसं नवरीसारखं दिसतंय!

अण्णा मंडळीच्या कमिटीचे चेअरमन होते. ही भिंत त्यांच्या आजोबांनी उभी केली होती आणि तिच्यात आजोबांच्या नावाचा दगड होता. फेब्रुवारीत चर्चची शताब्दी होती. बिशपसाहेब येणार होते, त्या दगडासमोर फोटो निघणार होता. शताब्दीच्या तोंडावर आजोबांची भिंत उतरवायची म्हणजे अण्णांच्या लेखी बापजाद्यांचं नाव पुसण्यासारखंच होतं. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. पण हट्टी होता. आणि हट्टीपणात मी त्यांच्या तसूभरही मागे नव्हते.

कमिटीच्या बैठकीत मी विषय काढला. चर्चचे पाळक पाटोळे नवे होते, त्यांनी टेबलावरचा चष्मा पुसायला घेतला. अण्णा हसून म्हणाले, "सुवार्ताबाई, आईबापांनी नाव काय ठेवलं, आन् तोंडातून काय काढता!"

सुवार्ता म्हणजे चांगली बातमी. सगळे हसले. नथानेल दाराशी उभे होते, तेही हसले. विनोद कोणाचाही असो, ते हसायचेच. माझा राग मात्र पहिल्यापासून नाकाच्या शेंड्यावर. मी वही मिटली आणि घरी आले.

आता वचनांचं सांगायला हवं. आमच्याकडे एक जानेवारीच्या सकाळी उपासनेनंतर वेदीपुढे परात ठेवतात. परातीत पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर पवित्र शास्त्रातलं एक वचन. एकेकानं पुढे यायचं, एक चिठ्ठी उचलायची, मोठ्यानं वाचायची. पाळक 'आमेन' म्हणतात आणि ते वचन त्या माणसाचं वर्षभराचं होतं. कोणी ते चौकटीत लावतं, कोणी पाकिटात ठेवतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून अकरा वर्षं त्या चिठ्ठ्या मी लिहीत होते. लिहायच्या त्या फक्त आशीर्वादाच्या. ही यादी जुन्या पंचांनी ठरवून दिलेली होती. देवाच्या पुस्तकात आशीर्वाद आहेत तशा ताकिदीही आहेत, पानंच्या पानं आहेत. पण आमच्या परातीत नुसती साखर. त्यातही कोणाला दुःखात धीर धरण्याचं वचन आलं की लोकांची तोंडं उतरायची. हळूच चिठ्ठी परत टाकून दुसरी घ्यायचे. पाळकही दुसरीकडे बघायचे. मला हसू यायचं. देवाचं वचन म्हणजे काय बांगड्या आहेत, हातात बसली नाही की दुसरी दाखवा म्हणायला?

त्या वर्षी मी शास्त्रातला यहेज्केल संदेष्ट्याचा ग्रंथ उघडला. तेराव्या अध्यायात मला हवं ते सापडलं. माझ्या शब्दांत सांगते: लोकांनी कच्ची भिंत बांधली, आणि सगळं ठीक आहे म्हणणाऱ्यांनी तिला चुना फासला, त्यांना सांग, ती पडेल. मी ते माझ्या सर्वांत वळणदार अक्षरात लिहिलं.

परातीवर पहिला हात चेअरमनचा पडायचा. अकरा वर्षं मी बघत होते, अण्णा उजव्या हातानं, परातीच्या काठाशी असेल ती सर्वांत वरची चिठ्ठी उचलायचे. शोधाशोध नाही, चाळवाचाळव नाही. एक जानेवारीला पहाटे मी स्वतः परात लावली आणि ती चिठ्ठी नेमकी तिथे ठेवली. मला जराही भीती वाटली नाही. उलट गुदगुल्या होत होत्या. वाच आता म्हणावं, सगळ्या मंडळीपुढे, स्वतःच्या तोंडानं!

उपासना संपली. अण्णा उठले, परातीपाशी गेले आणि मागे वळले.

"हे आपलं शंभरावं वर्ष," ते म्हणाले. "दरसाल पैला हात मी घालतो. पण ज्यानं चोवीस वर्षं ऊन म्हटलं न्हाई, पाऊस म्हटलं न्हाई, घंटा वाजवली, औंदा मान त्याचा. नाथा, ये पुढं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही चर्चमध्ये सहसा टाळ्या वाजवत नाही. नथानेल लाजून लाल झाले. इस्त्रीच्या सदऱ्याला हात पुसत पुढे गेले आणि त्यांनी काठावरची, सर्वांत वरची चिठ्ठी उचलली.

मी बाकाला घट्ट धरलं. त्यांचं वाचन अक्षर अक्षर जुळवत चालायचं. लग्नानंतर मीच शिकवलं होतं त्यांना नीट वाचायला. ते वाचू लागले. कच्ची भिंत. चुना. 'पडेल' हा शब्द त्यांनी नेहमीच्या सवयीनं दोनदा वाचला.

पाळकांचा 'आमेन' घशातच राहिला.

"कोणी लिहिलं हे?" अण्णांचा आवाज चढला.

"मी," मी उभी राहिले. "अक्षर ओळखत नाही का माझं?"

"हे काय वचन हाये? नव्या वर्षाच्या दिवशी?"

"शास्त्रातलंच आहे. अध्याय तेरावा. काढून बघा."

"देवाच्या परातीत राजकारण करता?"

"भिंतीला चुना तुम्ही फासलात आणि राजकारण माझं?"

गलका झाला. कोणी म्हणालं, बाईंना अक्कल नाही. कोणी म्हणालं, खरंच तर आहे. पाळक दोन्ही हात वर करून 'शांती, शांती' म्हणत होते. त्या सगळ्यात नथानेल चिठ्ठी धरून उभेच होते. मग अण्णांनी जरा नरमाईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाथा, लेका, तुझा काय दोष न्हाई. टाक ते परत. दुसरं घे."

नथानेलनी माझ्याकडे पाहिलं. शाळेतल्या पोरांसारखं तेही मला थट्टेनं 'बाई'च म्हणायचे. पण त्या वेळी थट्टा नव्हती.

"बाई, काय करू?"

माझा नेम चुकला होता, याचा मला संताप आला होता. तेवढंच माझ्या डोक्यात होतं.

"टाका परत," मी म्हणाले. "ते तुमच्यासाठी नव्हतंच."

त्यांनी चिठ्ठी टाकली आणि दुसरी उचलली. तुझं जाणं-येणं परमेश्वर सांभाळील, असं काहीसं त्यात होतं. 'आमेन' जोरात झाला. अण्णांनी नंतर परातीच्या पार दुसऱ्या टोकाची चिठ्ठी घेतली.

त्या दुपारी जेवताना नथानेल घास नुसतेच चिवडत होते.

"वरण आळणी झालंय का?" मी विचारलं.

"न्हाई. अगं, खरं सांग. ते वचन मला आलं ना?"

"तुम्हाला नाही हो आलं. मी अण्णांसाठी ठेवलं होतं. मुद्दाम काठावर."

"तू ठेवलंस. पण हात माझा गेला."

"अण्णांनी तुम्हाला पुढं केलं म्हणून गेला."

"तेच म्हणतोय मी. चोवीस वर्षांत कधी केलं न्हाई, औंदाच केलं."

मी पाण्याचा तांब्या ठेवला तो जरा आपटलाच. "वेडेपणा करू नका. शाई माझी, पुठ्ठा माझा, युक्ती माझी. देवाचा त्यात काय संबंध?"

त्यांनी ताट पुढे केलं. मग आणखी एक पोळी घेत म्हणाले, "मी काय म्हणतो, भिंत उतरवत न्हाईत तवर घंटा नको. शाळेत घंटा म्हणून तुझा रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला हाये, तसा एक चर्चच्या अंगणातल्या लिंबाला टांगू. त्याच्यावर ठोके देऊ. आवाज बी लांब जातो."

ही गोष्ट इतकी साधी होती. एक रुळाचा तुकडा, एक साखळी, एक लिंब. मी ती हसून उडवली.

"म्हणजे लोक म्हणतील, मास्तरणीचा नवरा चिठ्ठीला भ्याला."

"मास्तरणीच्या नवऱ्यानं भ्यायचं न्हाई, असं कुठं लिवलंय?" ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो.

माझा हिशेब सोपा होता. कासमभाई म्हणाले होते, पुढचा पावसाळा. पावसाळ्याला पाच महिने होते. शताब्दी एकदा उरकली की मी बिशपसाहेबांनाच भिंतीपाशी नेऊन उभं करणार होते. अण्णांना सगळ्यांदेखत हरवायचं होतं मला. भिंत म्हणजे माझ्या बाजूचा पुरावा होता. ती कोणाच्या डोक्यावर पडू शकते, हे माझ्या तोंडात होतं, मनात नव्हतं.

शताब्दीचा कार्यक्रम अण्णांनीच आखला. सकाळी गावातून मिरवणूक, चर्चच्या अंगणात सगळ्यांनी थांबायचं, शंभर वर्षांचे शंभर ठोके द्यायचे, आणि शेवटच्या ठोक्यानंतर बिशपसाहेबांनी आत पाऊल ठेवायचं.

आदल्या दिवशी संध्याकाळी नथानेल अण्णांकडे जाऊन आले. आले ते चपला काढून ओट्यावरच बसले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"मी म्हणालो, अण्णा, शंभर ठोके लई होतात. रुळावर देतो."

"मग?"

"मग काय. म्हणाले, बायकोनं शिकवून पाठवलं का? म्हणाले, तुला भ्या वाटत असंल तर दोर दुसऱ्याच्या हातात देतो. तुझी बायको मंडळीला रडवायला बसली आन् तू तिच्या पदराखाली."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्या माणसाला चोवीस वर्षांचा मान म्हणून पुढे बोलावलं, त्याला हे बोलायचं?

"द्या," मी म्हणाले. "घंटेवरच द्या. शंभरच्या शंभर. कळू दे त्यांना साळव्यांच्या घरात कोणी भित्रं नाही ते."

"अगं, पण ते वचन..."

"पुन्हा तेच! चुना त्यांनी फासला, आपण नाही. पाप लागायचं तर त्यांना लागेल. तुम्ही दोर ओढा."

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. तेव्हा मला वाटलं, माझा धीर बघतायत. मग म्हणाले, "बाई म्हणतील तसं," आणि उठून घंटेच्या दोराला लावायला मेण शोधू लागले.

सकाळ छान होती. पोरांच्या हातात झेंडे, बायकांच्या केसात शेवंती. मिरवणूक अंगणात थांबली. बिशपसाहेब लाल पट्टा बांधून पुढे, त्यांच्या बाजूला अण्णा, नव्या कोटात. माझ्या शाळेची साठेक मुलं मी लिंबाखाली उभी केली होती आणि त्यांना सांगितलं होतं, ठोका पडला की आकडा मोठ्यानं म्हणायचा. नथानेल एकटेच आत गेले. आत जाताना त्यांनी सदऱ्याची बाही दुमडली आणि मुलांकडे बघून डोळा मिचकावला.

एक. दोन. तीन. मुलं ओरडत होती. वीस झाले, तीस झाले. बिशपसाहेब हसून मान हलवत होते. चाळिसाच्या पुढे भिंतीवरून चुन्याची पापडी सुटून पायरीवर पडली. मी ती पाहिली. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, ते आज लिहिते: मी ती पाहिली, आणि आधी अण्णांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांनीही पाहिली का, त्यांचा चेहरा पडला का, हे बघत राहिले. पन्नास झाले. आणखी एक पापडी सुटली. अण्णा ताठ उभे होते. मीही ताठ उभी होते.

एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्टावा ठोका अर्धाच वाजला.

भिंत बाहेर नाही पडली. आत बसली, घंटेसकट. मुलांनी सवयीनं 'त्रेसष्ट' म्हणून टाकलं आणि मग किंकाळ्या सुरू झाल्या. धुरळा आमच्या अंगावर आला, सगळा पांढरा. मी दगड उपसायला पुढे झाले तेव्हा कासमभाई कुठून आले कोण जाणे, माझ्याआधी तिथे होते. दोन तास लागले. नथानेलच्या मुठीत दोर तसाच होता.

दुसऱ्या दिवशी दफन होतं. बिशपसाहेब थांबले होते. पाळक पाटोळ्यांनी शास्त्रातला ईयोबाचा उतारा काढला होता. परमेश्वरानं दिलं, परमेश्वरानं नेलं. ते वाचायला लागले तशी मी म्हणाले, "पाळकसाहेब, थांबा."

ते थांबले. अण्णा खड्ड्याच्या पलीकडे उभे होते. एका रात्रीत त्यांची पाठ वाकली होती. त्यांनी मुठीत माती घेतली, पण ती टाकवेना. शेवटी माझ्याकडे बघून रडत म्हणाले, "बाई, देवाची इच्छा. आपल्या हातात काय असतं?"

"नाही," मी म्हणाले.

"बाई, आत्ता नको," पाळक पुटपुटले.

"आत्ताच. हे देवाच्या माथी मारायचं नाही. मी मारू देणार नाही. देवाची इच्छा होती भिंत उतरवायची. तोंड मिटून बसला होता का तो? त्यानं सांगितलं. अण्णा, तुम्हाला त्यानं कासमभाईंच्या तोंडून सांगितलं, तुम्ही ऐकलं नाही."

अण्णांनी मान खाली घातली. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या बायका माना डोलवू लागल्या. बरोबर आहे बाईंचं, असं कोणीतरी म्हणालंही. इथेच थांबले असते तर सगळं गाव माझ्या बाजूचं झालं असतं. मला ते दिसत होतं.

"तुम्हाला त्यानं एकदा सांगितलं," मी म्हणाले. "मला तीनदा. कासमभाई बोलले तेव्हा मी तिथंच होते. मग त्यानं माझ्याच हातानं लिहून घेतलं, आणि ज्याचं होतं त्याच्याच हातात दिलं. ते मी सगळ्यांसमोर परत टाकायला लावलं. आणि परवा संध्याकाळी हा माणूस माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, ते वचन. मी त्याला बोलू दिलं नाही. त्यांना घंटेपाशी तुम्ही नाही पाठवलं, अण्णा. मी पाठवलं."

 बिशपसाहेबांनी पुस्तक मिटलं.

"आता टाका माती," मी म्हणाले. "पण देवाची इच्छा म्हणून नका टाकू. आपण दोघांनी मारलं म्हणून टाका."

अण्णा हलले नाहीत. मग मी खाली वाकले, दोन्ही हातांनी माती घेतली आणि पहिली मीच टाकली.